जिवंत कर्ब: पहिली बरणी खोटं बोलली

११ जानेवारी, रामबाग, इंदूर
मातीपरीक्षणाच्या कागदावरचा सेंद्रिय कर्ब वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. त्यातला जिवंत हिस्सा, म्हणजे मातीतल्या जंतूंच्या शरीरातला कर्ब, साधारण १ ते ५ टक्के, एका हंगामातही वरखाली होतो. मला तोच पकडायचाय. तो मोजायला जंतू मारणारी क्लोरोफॉर्मची धुरी देतात, ती घरात नको, म्हणून अँडरसन-डोम्श या शास्त्रज्ञांची १९७८ची रीत घेतली: मातीला ग्लुकोज खाऊ घालायचं आणि जंतूंची संख्या वाढण्याआधी, पहिल्या काही तासांतला कार्बन डायऑक्साइड मोजायचा.

काकूंच्या लोणच्याच्या दोन बरण्या लाटल्या. आत ५० ग्रॅम माती (एकीत कंपोस्टच्या वाफ्यातली, दुसरीत चुलतभावाच्या शेतातली) आणि वायू शोषायला कुपीत कॉस्टिक सोड्याचं ०.१ नॉर्मल द्रावण. नंतर बेरियम क्लोराइड (विषारी, स्वयंपाकघराबाहेरच!), रंग दाखवणारं फिनॉल्फ्थॅलीन आणि आम्लाचं टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब आम्ल घालून किती सोडा उरला ते मोजणं. रिकाम्या बरणीपेक्षा १ मिली आम्ल कमी लागलं, तर २.२ मिलिग्रॅम वायू.

१४ जानेवारी
ओली काळी माती चाळणीत लापशीसारखी चिकटते. म्हणून शेतातली माती गच्चीवर खडखडीत वाळवली, कुटली, पाणी घातलं नि बरणी बंद. तिनं कंपोस्टच्या वाफ्याला मागे टाकलं! शेत ज्याचं, तो चुलतभाऊ जाम खूश. मी दोन दिवस हिशोबच तपासत बसलो. चूक हिशोबात नव्हती. वाळलेल्या मातीला पाणी लागलं की ती एकदम भसाभसा श्वास सोडते. बर्च या शास्त्रज्ञांनी १९५८मध्ये हेच दाखवलं होतं. वाळताना मेलेल्या जंतूंचा माल उरलेले खातात. म्हणजे मी जिवंतांच्या नावावर मेलेल्यांची मेजवानी मोजली.

२३ जानेवारी
दोन्ही माती वापश्यावर (ना चिखल, ना कोरडी) आणून हातानं फोडली, २ मिमी चाळणीतून काढली, आठवडाभर कापडाखाली ठेवली. मग ग्लुकोज घातलं; खोली २२ अंश, मुदत ४ तास. रिकाम्या बरणीपेक्षा कमी लागलेलं आम्ल: वाफा १.२ मिली, शेत ०.७. अँडरसन-डोम्श यांच्या सूत्रात घातल्यावर दर किलो मातीत साधारण २९० आणि १७० मिलिग्रॅम जिवंत कर्ब.

वाफ्यातलं खत इंदूर पद्धतीचं, म्हणजे अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथं बसवलेल्या कंपोस्टच्या रीतीचं. त्या रीतीच्या १९३१च्या पुस्तकावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे, हे आपल्याच गावात कुणाला ठाऊक नसतं.

आकडे छातीठोक समजू नका. माझ्या मातीचा सामू (pH) ८.१, अशा मातीच्या ओलाव्यातच थोडा वायू विरघळून राहतो, त्यामुळे आकडा कमीच येतो. लाल मातीशी तुलना करू नये.

पुढच्या खेपेला प्रत्येक मातीच्या तीन बरण्या. काकूंनी दोन परत मागितल्यात.