आमची वाटचाल : आधी प्रश्न, मग कोड

आम्ही दोघांनी जीवशास्त्रातल्या डेटाचं विश्लेषण शिकवण्याचं हे काम सुरू केलं तेव्हा हाताशी एक जुना सर्व्हर होता आणि डोक्यात एक पक्का समज: जीवशास्त्राच्या मुलांना प्रोग्रॅमिंग आलं की डेटा त्यांना आपोआप उलगडेल. पहिल्या तुकडीला तीन आठवडे आर या प्रोग्रॅमिंग भाषेचं व्याकरणच शिकवलं. व्हेक्टर, लूप, फंक्शन. चौथ्या आठवड्यात खऱ्या प्रयोगाची फाइल समोर ठेवली आणि वर्ग गप्प झाला. मुलांना लूप लिहिता येत होता, पण तो कशासाठी लिहायचा ते आम्ही सांगितलंच नव्हतं. निम्मी मुलं पुढे आली नाहीत. त्यांची फी परत केली आणि अभ्यासक्रम नव्याने लिहायला बसलो.

आता पहिल्या दिवशी पेंग्विन असतात. अंटार्क्टिकातल्या पामर स्टेशनच्या परिसरातल्या तीन जातींच्या 344 पेंग्विनांची मोजमापं सर्वांसाठी खुली आहेत. चोचीची लांबी आणि जाडी यांचा आलेख काढला की रेषा खाली उतरते, म्हणजे चोच जितकी लांब तितकी बारीक. मग प्रत्येक जातीला वेगळा रंग द्यायला सांगतो. तिन्ही रंगांत रेषा वर चढते! ‘मग आधीचा आलेख खोटा होता का?’ असं कुणीतरी विचारतंच, आणि तो सगळा तास त्या प्रश्नाला देतो. मला स्वतःला हा तास फार प्रिय आहे.

दुसरा धडा आकड्यांच्या मोहाचा. संगणकाकडून निव्वळ यादृच्छिक आकडे घेऊन 20,000 जनुकांचा खोटा प्रयोग मुलं स्वतः तयार करतात. पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसतानाही निदान इतका फरक दिसण्याची शक्यता, 0.05 च्या खाली असलेली जनुकं मोजली की हजाराच्या आसपास निघतात, जिथे मुळात काहीच घडलेलं नाही तिथे! हे हाताने केल्यावर असे खोटे शोध आटोक्यात ठेवणारी बेंजामिनी आणि हॉखबर्ग या संख्याशास्त्रज्ञांची 1995 ची दुरुस्ती पाठ करावी लागत नाही, तिची गरजच पटलेली असते.

एक्सेलवर आम्ही बंदी घातलेली नाही, पण ते जनुकांच्या नावांचं काय करतं ते दाखवतो. सेप्ट-2 या जनुकाची 2 सप्टेंबर ही तारीख होऊन बसते. या गोंधळामुळे 2020 मध्ये अशा अनेक जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली.

मधल्या काळात एका संस्थेने दोन दिवसांत प्रमाणपत्र देणारा वर्ग मागितला होता. काम मोठं होतं, आणि त्या वर्षी आम्हाला गरजही होती. तरी नकार दिला. दोन दिवसांत मुलं फक्त आमच्या आज्ञा उतरवून घेतील, हे स्पष्ट दिसत होतं.

आमचं काम खरं बदललं ते एका संशोधक विद्यार्थ्यामुळे. तो आरएनए सीक्वेन्सिंगचा, म्हणजे पेशीत कुठलं जनुक किती सक्रिय आहे याच्या मोजणीचा, डेटा घेऊन आला. मुख्य घटकांचा आलेख (हजारो आकड्यांचं सार दोन अक्षांवर दाखवणारा) काढला तर नमुने दोन स्वच्छ गटांत पडले, आणि त्याचा चेहरा उजळला. मी तारखा विचारल्या. औषध न दिलेल्या सगळ्या पेशींमधून आरएनए एका दिवशी काढला होता, औषध दिलेल्यांमधून दुसऱ्या दिवशी, रसायनांचा नवा संच वापरून. दिसणारा फरक औषधाचा की दिवसाचा, हे सांगायला मार्गच उरला नव्हता. दोन्ही गोष्टी पूर्ण एकात एक मिसळल्या की कुठलंही सॉफ्टवेअर त्या वेगळ्या करू शकत नाही. हे त्याला सांगणं फार जड गेलं.

तेव्हापासून प्रयोगाआधीची बैठक आम्ही मोफत ठेवली आहे. आज आम्ही पाच जण आहोत, आणि आठवड्यातली एक दुपार कुणी ना कुणी त्यासाठी मोकळं असतं. नुकतीच एक विद्यार्थिनी आली, तिचे बारा नमुने अजून फ्रीझरमध्येच होते. सहा पहिल्या दिवशी, सहा दुसऱ्या. दोन्ही दिवशी दोन्ही गटांचे तीन-तीन. कुठला नमुना कधी, ते तिने आमच्या टेबलावरच चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि वहीत लिहून नेलं.