रामकियन फलक : हनुमान आणि सुवर्णमच्छा, रेषा पक्क्या झाल्या

रामकियनवरच्या, म्हणजे थाई रामायणावरच्या, माझ्या फलकाची जमीन, म्हणजे रंगाखालचं अस्तर, आता हाताला हवी तशी गुळगुळीत लागतेय. जुने थाई चित्रकार पूर्ण कोरड्या भिंतीवर रंगवत, त्यामुळे सगळा भार अस्तरावर. पांढरी माती आणि चिंचोक्याची खळ, बस्स. चिंचोके भाजले, टरफलं काढली, शिजवून गाळून घेतले. घोंगडीला देतात तीच ही खळ. भिंत असती तर आधी चुन्याचा खार काढावा लागला असता. ते लोक त्यासाठी झाडपाल्याच्या पाण्याने भिंत धूत आणि हळद लावून बघत. हळद लाल झाली की खार अजून आहे, पुन्हा धुवा. हळद-चुन्याचं कुंकू ठाऊक असलेल्या आपल्याला हे सांगायलाच नको!

प्रसंग सेतुबंधाचा. बँकॉकच्या वाट फ्रा केओ या मंदिराच्या ओवऱ्यांमध्ये रामकियनचे १७८ फलक आहेत, त्यातला हा माझा सगळ्यात लाडका भाग. वानरांनी टाकलेले दगड गायब होतात, हनुमान बुडी मारतो, तर तोसकानची, म्हणजे रावणाची, मुलगी, मत्स्यकन्या सुवर्णमच्छा, माशांकरवी ते पळवतेय. पाठलाग होतो आणि प्रेम जमतं. आपला मकरध्वज घामाच्या थेंबातून जन्मतो. इथला मच्छानु या दोघांचा मुलगा, वानराचं अंग आणि माशाची शेपटी.

रेखाटताना सगळा वेळ हातांनी घेतला. राजकुळातल्या पात्रांचा चेहरा या शैलीत जवळपास निर्विकार असतो, भाव नृत्यातल्यासारखा बोटांतून आणि मानेच्या कलातून येतो. तिचं उलटं वळलेलं मनगट पुन्हा पुन्हा काढलं, तेव्हा कुठे ती पळतेय आणि थांबतेयही, असं दिसलं. वानरांना मात्र मोकळीक असते, तिथे हात सैल सोडला.

वाट फ्रा केओची चित्रं वारंवार नव्याने रंगवली गेली. १९३२ मध्ये बँकॉकला दीडशे वर्षं झाली, त्यानिमित्तही मोठं काम झालं. तिथल्या निसर्गदृश्यांत पाश्चात्त्य पद्धतीची खोली आहे. मला जुनी सपाट मांडणीच जास्त भावते, म्हणून समुद्र एकसंध गडद निळा ठेवलाय. पांढरा हनुमान त्यावर उठून दिसतो.

आता सोन्याचा वर्ख. तो उंबराच्या जातीच्या झाडाच्या चिकावर बसवतात आणि दागिन्यांची बारीक लाल रेघ त्यानंतर येते. आधी मुकुट करणार, खवले शेवटी. मच्छानुच्या फलकातही हेच खवले लागणार आहेत, म्हणून त्यांचा खाका जपून ठेवलाय.