एका डोंगराची रानतूर पुरत नाही

पाऊस ओसरला की सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर गवताच्या काड्यांना वेढे घालत एक बारीक वेल चढते. त्रिदल पानं, पिवळी फुलं, शेंगेवर दाट लव आणि दोन दाण्यांमध्ये आडवी खाच. ही रानतूर, आपल्या तुरीची रानातली बहीण; शास्त्रीय नाव कजॅनस स्कॅरॅबॉइडिस. माझं पीएचडीचं काम हिच्यावरच चाललंय.

आमच्या घरी परभणीकडे बीएसएमआर ७३६ या वाणाची तूर असते. अप्पांच्या हातावर रानतुरीची शेंग ठेवली, तर पहिला प्रश्न आला, "हिला अळी लागत नाही का गं?" घाटेअळीनं पोळलेला शेतकरी दुसरं काय विचारणार! लव दाट असली की बारीक अळीला दाण्यापर्यंत पोचणं जड जातं, हे त्यांना लगेच पटलं.

तूर आणि रानतूर, दोघींची गुणसूत्रं २२च, आणि संकरही होतो. तुरीचं संकरित बियाणं करायला लागणारी नर-वंध्यत्वाची (म्हणजे फुलात कामाचे परागच धरत नाहीत अशी) एक पद्धत, ए२, याच रानवेलीच्या पेशीद्रव्यातून आली. लागवडीच्या तुरीत जनुकीय विविधता फार थोडी उरलीय. ती रानातल्या भाईबंदांत आहे.

पण रानात म्हणजे नेमकी कुठे? मला हाच प्रश्न सोडत नाही. फुलं जिथे बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतात, तिथे एका उतारावरच्या वेली एकमेकींसारख्या होत जातात आणि खरा फरक डोंगराडोंगरांत राहतो. मधमाश्या पराग लांब नेत असतील, तर तोच फरक एकाच उतारावर सापडतो. म्हणून मी लांबलांबच्या वेलींची पानं घेते, नाहीतर एकाच शेंगेतल्या बहिणी मोजल्या जायच्या. पानं लगेच सिलिका जेलमध्ये सुकवायची, मग प्रयोगशाळेत डीएनए काढायचा आणि मार्कर, म्हणजे वेलीवेलींतला फरक दाखवणाऱ्या डीएनएतल्या खुणा, तपासायच्या.

फरक डोंगराडोंगरांत असेल, तर एकाच ठिकाणची पोतंभर बी बियाणे बँकेत ठेवून भागणार नाही. दहा उतारांवरची मूठमूठ हवी. रस्ता रुंद करताना एक उतार खरवडला, तर त्याच्यासोबत असं काही जाईल जे शेजारच्या डोंगरावर नसेलच. मला याची फार काळजी वाटते. या वेलीला कुंपण नाही, सातबारा नाही.

तुमच्या गावच्या माळावर दिसली तर उपटू नका. शेंगेचा फोटो काढा आणि ठिकाण मला कळवा. वणवे लागायच्या आत मला तिथे पोचायचंय.