नुसती बस

माझ्या पणजीला पुस्तक उलट्या बाजूनं वाचता यायचं. संध्याकाळच्या प्रार्थनेला आजी शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर उघडून बसली की पणजी तिच्या समोर बसायची आणि समोरूनच, उलटी अक्षरं बघत, आजीच्या आधी ओळ संपवायची. मी हे स्वतः पाहिलेलं नाही. पणजी माझ्या जन्माच्या दहा वर्षं आधी गेली. पण आजीकडून इतक्या वेळा ऐकलंय की बोट पुढं करून ओळ दाखवणारी पणजी माझ्या डोळ्यांसमोर येते.

पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची. शिशाचा एकेक खिळा खणातून उचलायचा, हातातल्या पट्टीत बसवायचा, आणि लावलेली ओळ वाचायची ती उलटी. वर्षानुवर्षं हे केलं की डोळ्याला उलट-सुलट असं काही राहत नाही. त्यात आपली लिपी! काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, प्रत्येकाचा खण वेगळा. बोटांची टोकं कायम काळी असायची म्हणे, कितीही घासली तरी. आणि ती जुळवत होती रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल. सुमारे १८ वर्षं रमाबाई त्या कामात होत्या.

पणजीची मायबोली मराठी नव्हती. १९०० साली गुजरातेत मोठा दुष्काळ पडला. तिकडं त्याला आजही छप्पनियो म्हणतात, संवत १९५६ चा म्हणून. रमाबाईंनी माणसं पाठवून तिथल्या निराधार मुली केडगावला आणल्या, त्यात ती होती, सात-आठ वर्षांची. मुक्तीत तेव्हा दीड हजारावर मुली-बायका राहत होत्या. आई-बापाची नावं तिला सांगता यायची. गावाचं नाव मात्र कधीच सांगता आलं नाही.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण आहे. आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, एक मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे वडील डिसेंबरात गेले. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "मावशी, गुडघे टेकते, पण आतून काहीच येत नाही. वर होस्टेलवर मुली विचारतात, तुम्ही लोक पैसे घेऊन ख्रिस्ती झालात ना? मला उत्तर सुचत नाही. माझा विश्वास संपला का?" मी फोनवर काहीतरी बोलले, पण ते माझं मलाच पटलं नाही. तिच्यासाठीच हे लिहितेय.

आधी पैशांचं. मी सातवीत असताना शाळेत एका बाईंनी सगळ्या वर्गासमोर मला विचारलं होतं, "तुमच्या लोकांना तेव्हा किती पोती मिळाली गं?" वर्ग हसला. मी घरी येऊन दप्तर फेकलं आणि आजीला म्हटलं, मला त्या शाळेत जायचं नाही. आजी तांदूळ निवडत होती. हातातलं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "सांग त्यांना, भाकरी मिळाली. भुकेल्या पोरीला कुणी भाकरी दिली, त्यात देणाऱ्यानं लाजावं असं काही नाही, आणि खाणारीनं तर नाहीच. पण दुष्काळ सरला की गं. माझी आई त्यानंतर पंचावन्न वर्षं प्रभूबरोबर राहिली. ती काय भाकरीसाठी?"

मी बाईंना हे कधी सांगितलं नाही. धीर झाला नाही. पण होस्टेलच्या मुलींना तू सांगू शकतेस. आवाज न चढवता सांग. पेत्राच्या पत्रात आहे ना, आपल्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. ते लिहिणारा पेत्र म्हणजे प्रभूला धरून नेलं त्या रात्री शेकोटीपाशी एका दासीला घाबरून "मी त्याला ओळखत नाही" म्हणालेला माणूस. सौम्यता कशी कमवावी लागते ते त्याला ठाऊक होतं.

आता आतून काही येत नाही त्याबद्दल.

रमाबाईंवर भाषणं होतात तेव्हा वक्ते "अढळ श्रद्धा" म्हणतात. मला तो शब्द कधी पटला नाही. ऐन तरुण वयात दुष्काळानं त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण एकामागून एक नेली. भावाबरोबर पायी भटकत त्या कलकत्त्याला पोचल्या, मग भाऊही गेला. लग्न झालं, दोन वर्षंही पुरी झाली नाहीत तोच १८८२ मध्ये कॉलऱ्यानं पती गेले. राहिली एकुलती लेक मनोरमा, जी पुढं मुक्तीचा सगळा भार उचलणार होती. २४ जुलै १९२१ ला तीही गेली, जेमतेम चाळिशीची. रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या, आणि कानांनी फारसं ऐकू येत नव्हतं. त्या रात्री त्यांच्या मनात काय चाललं होतं हे मी कशाच्या जोरावर सांगू? ढळली असेलही श्रद्धा, तासभर, दिवसभर. मला त्यांच्याबद्दल पक्कं माहीत आहे ते एवढंच, की पुढचे आठ-नऊ महिने त्यांच्यासमोर प्रुफं येत राहिली आणि त्या ती तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. बायबल पूर्ण छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. बांधलेलं पुस्तक त्यांच्या हातात कधी आलंच नाही.

आजी तेव्हा सात वर्षांची होती. तिला त्या दिवसांचं एकच आठवायचं, की आई घरी येऊन पदरात तोंड घालून रडायची आणि सकाळी भाकऱ्या थापून पुन्हा छापखान्यात जायची.

मी स्वतः ३४ वर्षं स्टाफ नर्स होते. मार्च २०२० मध्ये चर्चला कुलूप लागलं. त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी झावळ्या नव्हत्या, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रभूची वधस्तंभावरची सात वचनं पाळकसाहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, आणि मी ती चेंजिंग रूममध्ये, एका कानात इअरफोन घालून ऐकली. १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, राज्यातली सगळी देवळं, मशिदी, चर्च एकाच दिवशी उघडली. मला तो दिवस फार आवडला होता. वाटलं, संपलं एकदाचं.

मग दुसरी लाट आली.

१ एप्रिल २०२१, गुरुवार, रात्रपाळी. इंदापूरकडचे एक आजोबा होते, गळ्यात तुळशीची माळ. तोंडावर मास्क असल्यानं बोलता येत नव्हतं, पण ओठ हलायचे. सुनेनं फोनवर हरिपाठ भरून पाठवला होता, तो मी त्यांच्या उशीशी हळू आवाजात लावून ठेवायचे. त्या रात्री अंग पुसताना त्यांच्या पायांकडं लक्ष गेलं. टाचांना अशा भेगा की त्यात माती कायमची बसलेली. किती पिकांची माती असेल ती. कोमट पाण्यात कापूस बुडवून एकेक भेग पुसत गेले, मग खोबरेल तेल लावलं. दोन-दोन हातमोजे घातलेले, त्यामुळं बोटांना काही कळत नव्हतं, काचेवर घामाची वाफ, सगळं अंदाजानं. उजवा पाय झाला, डावा घेतला, आणि एकदम लक्षात आलं की आज पवित्र गुरुवार. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ती रात्र. दरवर्षी या वेळी मी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसलेली असते.

वर्षभरात पहिल्यांदा मला वाटलं की मी उपासनेत आहे. उशीशी हरिपाठ चालू होता. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही, आजही वाटत नाही. आजोबांनी मला त्यांच्या देवाकडं ओढलं नाही, मी त्यांना माझ्या देवाकडं ओढलं नाही. तरी माझा प्रभू त्या वॉर्डात होता हे मी शपथेवर सांगेन.

दहा-बारा दिवसांनी ऑक्सिजनची ओढाताण सुरू झाली आणि त्यांना रात्रीतून दुसरीकडं हलवलं. पुढं त्यांचं काय झालं, मला कळलं नाही.

हा अनुभव इथंच संपला असता तर मी तो साक्षीच्या वेळी उभी राहून छान सांगितला असता. पण मे महिन्यात माझी मैत्रीण गेली. २० वर्षं एका वॉर्डात काम केलेली, एका डब्यात जेवलेली. मीच तिचा हात धरून होते. त्यानंतर माझी प्रार्थना बंद झाली. राग आला असता तर देवाशी भांडले असते, स्तोत्रांतही लोक भांडतातच. रागही नव्हता. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" एवढं म्हणायचे आणि पुढचे शब्द, लहानपणापासून पाठ असलेले, कोरडे पडायचे. शेवटी शास्त्राचं पुस्तक फडताळात ठेवून दिलं.

आई तेव्हा ८१ वर्षांची. संध्याकाळी सातला ती नेहमीसारखी प्रार्थनेला बसली आणि मी स्वयंपाकघरातच भांडी आवरत राहिले. दोन-तीन दिवस तिनं काही म्हटलं नाही. चौथ्या दिवशी हाक मारली. मी म्हटलं, "आई, मला येत नाही गं आता." ती म्हणाली, "येत नाही तर म्हणू नको. नुसती बस. बोलायचं मी बघते."

म्हणून मी बसले. मे, जून, जुलै. ड्युटी नसेल त्या दिवशी सातला आईशेजारी चटईवर बसायचं, ती वाचेल ते कानावर पडू द्यायचं, आणि "आमेन" तिनं म्हणायचं. मला चमत्कारिक काही झालं नाही. स्वप्न नाही, आवाज नाही. कधी कधी डुलकी लागायची. एकदा तिनं हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक वाचलं. अंजिराचं झाड फुललं नाही, वेलीला फळ आलं नाही, शेत पिकलं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्या "तरी"पाशी आई थांबली, चष्मा पुसला आणि पुढं वाचू लागली. जिच्या आजीला गावाचं नावही आठवत नव्हतं, तिच्या तोंडून तो शब्द ऐकताना माझ्या पाठीतून काहीतरी सरकलं. बस एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडं.

७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, चर्च पुन्हा उघडलं. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. एकेक बाक सोडून बसलो होतो. भाकरीचा तुकडा तोंडात ठेवला आणि मला पणजी आठवली, केडगावच्या स्टेशनवर उतरलेली सात-आठ वर्षांची पोर, तिला पहिल्यांदा कुणीतरी हातात दिलेली भाकरी. त्या दिवशी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रभूची प्रार्थना मी शेवटपर्यंत म्हटली. मोठ्यानं नाही.

आता दिवस वेगळ्या अर्थानं अवघड आहेत. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत घरी प्रार्थनासभा होती, आठ-नऊ माणसं, एक पेटी, एक ढोलकी. मध्येच बेल वाजली. दारात तिघं उभे. "इथं धर्मांतराचे कार्यक्रम चालणार नाहीत." मी म्हटलं, "आत या, बसा, काय चाललंय ते बघा." ते आत आले नाहीत. त्यातल्या एकाला मी घरी जाऊन सलाइन लावलेलं होतं, त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. तेव्हापासून आम्ही ढोलकी वाजवत नाही, खिडक्या लावून घेतो, आवाज खाली ठेवतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, असं आम्ही एकमेकांना सांगतो. खरं सांगायचं तर त्यात शेजारधर्म किती आणि भीती किती, हे मला अजून नीट वेगळं करता आलेलं नाही. पेत्राची शेकोटी मला तेव्हा आठवते. त्या तिघांसाठी मी नावं घेऊन प्रार्थना करते, तीही दरवेळी मनापासून होते असं नाही.

पण सभा बंद केली नाही. दर बुधवारी सात वाजता असते. आईला आता ऐकू कमी येतं, म्हणून ती गाण्यात एक ओळ मागं असते आणि आम्ही तिच्यासाठी थांबतो.

परवाच्या बुधवारी मी त्या मुलीला बोलावलं होतं. यायला पावणेआठ झाले, युनिफॉर्मवरच आली, दाराशीच म्हणाली, "मावशी, मला गायला जमणार नाही." मी तिला गायनाचं पुस्तक दिलं नाही. आईशेजारी चटईवर जागा केली. आईनं तिच्याकडं बघितलं, तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि शास्त्राचं पान उलटलं.