तुम्ही विचारलंत म्हणून: चतुर दिसले म्हणजे पाणी चांगलं का?

ठाण्यात उपवन तलावाला फिरायला येणारे विचारतात, मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसलेले विचारतात. "एवढे चतुर उडतायत, म्हणजे पाणी स्वच्छच ना?" सगळ्यांना हो किंवा नाही ऐकायचं असतं. पूर्वी मीही "हो" म्हणून मोकळी व्हायचे.

आमच्या घरामागच्या तलावाचं नाव लिहीत नाही. तेव्हा मी जाळी आणि पांढरा ट्रे घेऊन नुकतीच पाण्यात उतरायला लागले होते. काठावरच्या चाळीतले एक काका रोज संध्याकाळी माशांना पाव टाकायचे. एकदा त्यांना ट्रे दाखवला. उताणे पोहणारे किडे होते, शेपटीची नळी पाण्याबाहेर काढून बसलेला पाणविंचू होता, पाठीवर अंडी वाहणारा पाणढेकणाचा एक नर होता. मी म्हणाले, "काका, एवढे शिकारी जगतायत म्हणजे त्यांना पोसणारं सगळं खाली शाबूत आहे. तलाव उत्तम आहे."

त्याच आठवड्यात चाळीतून एक पत्र जायचं होतं, तलावात सोडलेला सांडपाण्याचा पाइप बंद करा म्हणून. काकांनीच ते थांबवलं. "ताई बघून गेल्या, पाणी चांगलं आहे."

भाद्रपदात चार दिवस आभाळ भरलेलं होतं. पाचव्या दिवशी पहाटे काका दाराशी आले. मी गेले तेव्हा काठाला मासे उलटे पडले होते. तिलापियासारखा चिवट मासा, तोही. काही अजून तोंड वर काढून आचके देत होते. काका हातातली पावाची पिशवी चुरगाळत होते. आवाज चढवला नाही. "ताई, तुम्ही म्हणाला होतात." एवढंच.

मी तिथेच जाळी टाकली. का टाकली, सांगता येत नाही. उताणे पोहणारे ते किडे जाळीत वळवळत होते, जिवंत. पाणविंचूही.

ते मरणार नव्हतेच. ते श्वास हवेतून घेतात. पाणविंचू नळीतून, पाणभुंगा पंखांखाली हवा साठवून. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपला तरी त्यांचं अडत नाही. सांडपाण्यावर शेवाळ माजतं, आभाळ असलं की दिवसा ऑक्सिजन कमी बनतो, रात्री शेवाळ आणि जिवाणू मिळून उरलेला संपवतात, आणि पहाटे माशांसाठी काही राहत नाही. हे सगळं मला माहीत होतं. ट्रे दाखवताना आठवलं नाही.

मी खोटं बोलले नव्हते. शिकारी होते म्हणजे त्यांचं भक्ष्य होतं, हे आजही खरं आहे. आणि पत्र थांबवा असं मी म्हटलं नव्हतं. पण त्यांनी ते माझ्याच शब्दावर थांबवलं, हेही तितकंच खरं.

तेव्हाची मी म्हणते, तक्ता बघूनच बोलले. पाण्यात कोणते किडे आहेत त्यावरून पाण्याला गुण देणाऱ्या, ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात बसवलेल्या पद्धतीचा तो तक्ता; त्यात चतुरांच्या एका मोठ्या कुळाला १० पैकी ८ गुण आहेत. पण आपल्या नाल्यांवर हमखास दिसणारा, पंखांवर नारिंगी झाक असलेला चतुर त्याच कुळातला. १७९३ साली कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने त्याला नावच ‘कन्टॅमिनाटा’ दिलं, दूषित. शिवाय पाऊस सरता सरता जे थवे दिसतात, ते बहुतेक समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे निघालेले पाहुणे. ते या पाण्यात जन्मले याचा पुरावा काय?

म्हणून आता मी उडणारे चतुर मोजत नाही. काठच्या गवतावर त्यांची रिकामी कात शोधते. कल्ल्यांनी पाण्यातला ऑक्सिजन घेणारी मे फ्लाय या किड्याची पिल्लं आहेत का, की चिखलात नुसत्या कमी ऑक्सिजनवरही तगणाऱ्या लाल अळ्या, मत्स्यालयाच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून मिळतात त्या, हे बघते. आणि ऑक्सिजन पहाटेच मोजते. एवढं करूनही दोन जागी दोन उत्तरं येतात. मग तुम्हाला वाटतं मी टाळतेय. कदाचित टाळतेही.

पत्र नंतर गेलं, खाली माझीही सही आहे. पाइप तिथेच आहे. काका अजून येतात, ट्रेमध्ये डोकावून विचारतात, "आज काय मिळालं?" मी किड्यांची नावं सांगते. पाण्याबद्दल ते विचारत नाहीत.