आमची वाटचाल: वहीतले आवाज

आमच्या मोटरसायकलींच्या वर्कशॉपमध्ये गाडी आली की आधी हिशेब पाहणाऱ्या वहिनींची वही उघडते, पाना नंतर हातात येतो. गाडीवाला आवाजाला जे नाव देईल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं, हा आमचा नियम. खडखड, टकटक, खुळखुळ, घरघर, किणकिण, जे म्हणेल ते. शेजारचा रकाना कोरा ठेवायचा. इंजिन उघडून खरा दोष सापडला की मग तो भरायचा. अशा पाच वह्या झाल्यात. आमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू कोणती असं कुणी विचारलं, तर मी लेथकडे बोट दाखवणार नाही, या वह्या काढून दाखवीन.

सुरुवातीला वही नव्हती. मी आणि माझा मावसभाऊ, दोघंच होतो. क्रँक, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा इंजिनचा दांडा, प्रेसवर दाबून उघडणं, त्याला पिस्टनशी जोडणारा नवा कनेक्टिंग रॉड घालून पुन्हा जुळवणं, डायल गेज लावून सरळ करणं ही त्याची विद्या. मी दुसऱ्यांच्या गॅरेजात मोटोक्रॉस आणि एन्ड्युरोच्या, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या शर्यतींच्या, गाड्या खोलत वाढलो. फक्त ऑफ-रोडच्या टू-स्ट्रोक घ्यायच्या असं आम्ही ठरवलं तेव्हा ओळखीचे सगळे म्हणाले, धुराच्या नियमांनी हे इंजिन रस्त्यावरून गेलं, त्याच्यावर पोट कसं भरणार? आमचा मात्र विश्वास होता. चिखलात, दगडधोंड्यांत, चढावर हलकी गाडी लागते. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही आणि क्रँकच्या प्रत्येक फेरीला एकदा पेटतं, असं इंजिन तिथे लोकांना हवंच असतं. केटीएम या मोटरसायकल कंपनीने २०१७ साली एन्ड्युरोच्या टू-स्ट्रोकला फ्युएल इंजेक्शन दिलं, तेव्हा घरातलं कुणी परीक्षा पास झाल्यासारखा आनंद आम्हाला झाला.

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग एक २५० सीसीची गाडी आली.

तक्रार साधी होती, रेस दिली की वरून खडखड येते. मी ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा भाग, उतरवला. पिस्टनचा घेर खालून घासलेला दिसला. नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवी पॅकिंग घालून गाडी दिली. नवव्या दिवशी ती टेम्पोतून परत आली, इंजिन सीझ, म्हणजे पिस्टन आत जाम. एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर उभे ओरखडे होते. मी म्हटलं, मिश्रण पातळ पडतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, एक नंबर मोठा केला आणि पुन्हा पिस्टन घातला. तीन आठवड्यांनी तीच गाडी, तेच ओरखडे. गाडीवाला भला माणूस, त्याने आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाला, “दादा, काय बदललं ते तुम्ही दोन्ही वेळा सांगितलंत. का झालं ते अजून सांगितलं नाहीत.”

त्या रात्री मावसभावाने इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करायला रबराची बुचं कापली. एका बुचातून नळी काढून तिला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि एक छोटा गेज जोडला. इंजिनमध्ये साधारण ६ पीएसआय हवा भरली आणि आम्ही काटा बघत बसलो. काटा हळूहळू खाली यायला लागला. साबणाचं पाणी सगळीकडे फासलं. हेडला काही नाही, ब्लॉकच्या खाली काही नाही. मॅग्नेट काढून पाहिलं, तर क्रँकभोवतीच्या रबरी सीलच्या ओठापाशी बारीक बारीक बुडबुडे येत होते. मोहरीएवढे. ते बुडबुडे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची क्रँककेस हाच पंप असतो. १८९१ साली जोसेफ डे यांनी पेटंट घेतलेल्या रचनेपासून हे असंच आहे. पिस्टन वर गेला की खाली ओढ तयार होते, पेट्रोल-हवा आत येते. पिस्टन खाली आला की तोच माल दाबून वर जातो. म्हणजे क्रँकचं सील फुटलं की नुसतं ऑइल गळत नाही, कार्बोरेटरला वळसा घालून फुकटची हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, उष्णता वाढते, पिस्टन फुगतो आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरतो. जेट कितीही मोठा केला तरी भोक तिथेच राहतं.

त्याहून बोचणारी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. गाडीवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “रेस सोडली तरी गाडी थोडा वेळ तशीच ओरडत राहते.” हवा ओढणाऱ्या इंजिनची याहून स्पष्ट खूण नाही. मी ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण माझं लक्ष खडखडीकडे होतं. दोन्ही वेळचे पैसे आम्ही परत केले आणि तिसरं काम आमच्याकडून केलं. वहिनींनी त्याच संध्याकाळी नवी वही काढली. म्हणाल्या, यापुढे गाडीवाल्याचं बोलणं मी लिहिणार, आणि लिहिलेलं सगळं वाचल्याशिवाय तुम्ही दोघांनी इंजिनला हात लावायचा नाही.

वहीने आम्हाला काय काय शिकवलं! थंड इंजिनवर टपटप आणि पाच मिनिटांत कमी, असं लिहिलेलं असलं की बहुतेक वेळा पिस्टन बोअरमध्ये सैल झालेला निघतो. गरम झाल्यावर तो फुगतो म्हणून आवाज दबतो. गरम झाल्यावर वाढणारा आवाज वेगळा आणि जास्त काळजीचा. वरच्या बाजूने बारीक, कोरडी खुळखुळ असली तर पिस्टनच्या पिनेचं नीडल बेअरिंग आधी पाहायचं. खालून जड ठकठक, लोड आला की वाढणारी, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग. असं कुणी फोनवर सांगितलं तर आम्ही पुढे एक किकही मारू देत नाही, गाडी उचलून आणा म्हणतो. ते बेअरिंग तुटलं तर क्रँककेससकट जातं. ब्लॉक उतरवल्यावर रॉड सरळ वर-खाली ओढून बघायचा, तिथे खेळ अजिबात नको. डावीकडे-उजवीकडे रॉड थोडा कलतो, ते चालतं. नवखे कारागीर तिथे फसतात आणि चांगला क्रँक उघडून बसतात.

पुष्कळ घाबरलेले लोक मात्र क्लचच्या आवाजाने आलेले असतात. न्यूट्रलमध्ये खडखड, क्लच दाबला की आवाज बदलतो किंवा बंद होतो. क्लचच्या प्लेटा धरणाऱ्या बास्केटला त्या प्लेटांनी खाचा पाडलेल्या असतात. काम आहेच, पण इंजिन वाचलेलं आहे. म्हणून “क्लच दाबून पाहिलात का?” हा वहिनींचा पहिला प्रश्न झाला.

किणकिण या शब्दाखाली वहीत लाल रेघ आहे. डब्यात खडे हलवल्यासारखा, पूर्ण रेसवर येणारा तो आवाज डेटोनेशनचा, म्हणजे आतलं मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम भडकण्याचा. हलकं पेट्रोल, ठिणगीचं पुढे सरकलेलं टायमिंग, हेडवर साठलेला कार्बन, पातळ मिश्रण, यातलं काहीही असू शकतं. अशा गाडीचा प्लग काढून भिंगाखाली धरायचा. पोर्सेलीनवर चकचकीत बारीक दाणे दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. पिस्टन वितळायला लागलाय, आणि गाडीवाला म्हणत असतो की आज गाडी फार छान ओढतेय. त्या वेळी त्याला थांबवणं मी माझं कर्तव्य समजतो.

ऑइलच्या प्रमाणावरून तर रोज समजूत घालावी लागते. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, ३२ ला १ म्हणजे साधारण ३१. इंजिन गरम होतंय म्हणून लोक अंदाजाने ऑइल वाढवतात. त्यामुळे तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट पातळ होतं. मोजायचं भांडं वापरा, अंदाज नको. आणि लांब उतारावर इंजिनच्या ब्रेकवर गाडी सोडत असाल तर मधूनमधून थोडी रेस द्या. रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोलबरोबरच येणारं ऑइलही बंद. चाक मात्र इंजिनला पळवतच असतं.

जळालेला पिस्टन आम्ही गाडीवाल्याच्या हातात देऊनच बोलतो. चारही कोपऱ्यांत सारखे ओरखडे असले तर थंड इंजिन लगेच पिळलेलं असतं. इनलेटच्या बाजूला मॅट, धुळीने घासल्यासारखा पोत असला तर एअर फिल्टर. त्या दिवशी बोलणं फिल्टरच्या ऑइलवर आणि तो नीट बसवण्यावर होतं, नव्या पिस्टनवर नंतर. पांढरा धूर आणि गिअर ऑइल कमी होतंय असं दोन्ही सांगितलं, तर क्लचच्या बाजूचं सील. गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाली की चालू होते, अशी गाडी आम्ही मुद्दाम तापवून बंद पाडतो आणि त्याच क्षणी ठिणगी बघतो. थंड असताना मीटरवर बरोबर दिसणारी स्टेटरची, म्हणजे इंजिनवरच्या वीज तयार करणाऱ्या भागाची, कॉइल तापल्यावर तुटते, ते असंच सापडतं.

आता आम्ही सहाजण आहोत. क्रँकचं काम दुसऱ्या गॅरेजांकडूनही येतं. हवेचा दाब तपासल्याशिवाय आमच्याकडून एकही इंजिन बाहेर जात नाही, मग काम नुसतं रिंगांचं असो. यात वेळ जातो, महिन्याला गाड्या कमी होतात, आणि तो हिशेब आम्हाला मान्य आहे.

तीन पिस्टनवाला तो गाडीवाला परवा मुलाची ८५ सीसीची गाडी घेऊन आला. वहिनींनी वही पुढे ओढून मुलालाच विचारलं. त्याने जरा विचार केला आणि तोंडाने आवाज काढून दाखवला, आधी चर्रर, मग फट्-फट्. त्यांनी तस्साच लिहिला. एक्झॉस्टची एक स्प्रिंग तुटली होती आणि सांध्यातून फुंकर येत होती. काळ्या तेलकट रेघेवरून लगेच कळलं. स्प्रिंग आणि ओ-रिंग बदलून झाल्यावर कोरा रकाना त्या पोरानेच भरला, त्याच्या अक्षरात.