चारचा चहा

मंगळवार, रात्री पावणेदोन

झोप नाही. नवरा घोरतोय आणि माझं डोकं सकाळी दहाला असतं तसं लख्ख. ऑफिसात चारला पाठोपाठ दोन कप चहा झाला होता. पण पंधरा दिवसांपूर्वीही तेवढाच झाला होता, आणि तेव्हा साडेदहालाच ढाराढूर होते.

उठून कालनिर्णय बघितलं. आज पंचविसावा दिवस. पाळीचा लाल ठिपका, जागरणाची फुली, अशी माझी पद्धत. तीन महिन्यांच्या फुल्या जवळजवळ सगळ्या ठिपक्याच्या आधीच्या आठवड्यात!

एरवी पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे चारच्या चहातलं निम्मं नऊलाही अंगात. पाळीआधी त्याला आणखी वेळ लागू शकतो. गर्भनिरोधक गोळ्यांवर तर जवळपास दुप्पट. लग्नानंतर दोन वर्षं मी त्या घेत होते आणि झोप येत नाही म्हणून सासरच्या गादीला नावं ठेवत होते. गादी बिचारी!

शिवाय या दिवसांत प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे अंग अर्धा अंश तरी तापलेलं असतं. मी पांघरूण काढते, नवरा ओढतो, त्यावरून भांडण.

उद्यापासून चहा बंद.

गुरुवार

काल एक थेंब नाही. आज दुपारपासून कपाळ ठणकतंय. मुलीवर वह्यांवरून विनाकारण ओरडले. पाळी येतेय, दुसरं काय.

शुक्रवार

आली. कंबर धरलीय, ओटीपोटात कळा, त्यात डोकं. आईला फोन केला.

"चहा सोडलास का गं?"

कसं ओळखलं? म्हणे, एकादशीला चहाही न घेता कडक उपास करायची, तेव्हा संध्याकाळी हेच कपाळ धरून बसायची. खरंच की. रोजचं कॅफिन एकदम तोडलं की काही दिवस डोकं उठू शकतं. आणि मी कालपासून सगळं पाळीच्या नावावर खपवत होते.

"अर्धा कप घे, आलं घालून. पण जेवणावर नको, तुझं हिमोग्लोबिन आधीच कमी." ते मात्र डॉक्टरांनीही सांगितलंय. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून मध्ये तासभर तरी जाऊ द्यायचा.

अकराला अर्धा कप घेतला. पाऊण तासात डोकं उतरलं. पोट नाही.